चार तासांची गोळी

शाळेच्या डायरीत लाल पेनाने शेरा होता: "एका जागी बसत नाही. दुसऱ्यांच्या डब्यात हात घालतो. पालकांनी भेटावे." जुलै उजाडला होता, पहिलीचा वर्ग सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. बहिणीने पानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "दुसऱ्या एका आईने सांगितलं, एडीएचडी असेल. गोळी असते म्हणे. द्यायची का रे?"

मी विज्ञानावर लिहितो म्हणून घरचे मला अर्धा डॉक्टर समजतात. तो मी नाही. पण पुढचं दीड वर्ष भाच्याच्या निमित्ताने एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याची आणि अतिचंचलतेची अवस्था, आणि तिच्यावरच्या या गोळीबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

सुरुवातीला मी बहिणीला पोराची जन्मतारीख पुन्हा विचारली. १९ डिसेंबर. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणार असतील तर त्या वर्षीच्या जूनमध्ये पहिलीत प्रवेश मिळतो. म्हणजे हा पठ्ठ्या साडेपाचाव्या वर्षी बाकावर बसला आणि त्याच्या शेजारी जानेवारीत जन्मलेली, साडेसहाला टेकलेली मुलगी. पाच-साडेपाच वर्षांच्या आयुष्यात एका वर्षाचा फरक म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा. बाईंच्या नजरेत मात्र दोघंही "पहिलीतली मुलं".

अमेरिकेत हा फरक मोजला गेला आहे. तिथल्या अनेक राज्यांत शाळाप्रवेशाची सीमारेषा १ सप्टेंबर असते, त्यामुळे ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यांत धाकटं आणि सप्टेंबरचं सगळ्यांत मोठं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. ऑगस्टच्या मुलांत एडीएचडीचं निदान दर १० हजारांत ८५ जणांना झालं होतं, सप्टेंबरच्या मुलांत ६४ जणांना. एक तृतीयांशाने जास्त. जिथे ही १ सप्टेंबरची रेषा नव्हती, तिथे दोन महिन्यांमधला हा फरकही नव्हता. मेंदूचा आजार जन्ममहिना बघून येत नाही. तेव्हा त्या जादाच्या मुलांपैकी बरीचशी निव्वळ लहान होती, असाच अर्थ निघतो.

म्हणून एडीएचडी हे शाळांनी काढलेलं खूळ आहे, असं मात्र नाही. तो टोकाचा निष्कर्ष आपल्याकडे फार लवकर काढला जातो. बहिणीच्या सासूबाई डॉक्टरांसमोरच म्हणाल्या, "ह्याचा बापही असाच होता. चौथीपर्यंत बाकावर उभा! काय बिघडलं त्याचं?" डॉक्टरांनी ते वाक्य शांतपणे केस पेपरवर लिहून घेतलं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की एडीएचडीच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक पडतो, त्यातला सुमारे ७४ टक्के आनुवंशिक असतो. उंचीइतका नाही, पण त्याच्या फार मागेही नाही. आजींनी नकळत पुरावाच दिला होता.

या अवस्थेसाठी रक्ताची तपासणी नाही, एमआरआयमध्येही ती दिसत नाही. लक्षणं किमान सहा महिने टिकलेली असावीत, वयाच्या मानाने जास्त असावीत आणि घर व शाळा अशा दोन्हीकडे दिसावीत, हे पाहून निदान होतं. म्हणून डॉक्टर आईबाबांना एक फॉर्म देतात आणि बाईंना दुसरा. भाच्याच्या बाबतीत आधी कानांची तपासणी झाली, मग "रात्री घोरतो का" असं विचारलं. नाकामागच्या वाढलेल्या ॲडेनॉइड ग्रंथीमुळे झोप मोडणारं मूल दिवसा पेंगत नाही, उलट भिंगरीसारखं फिरतं. ऐकू कमी येणारं मूल "लक्षच देत नाही" असं वाटतं. आणि खिडकीबाहेर बघत गप्प बसणारी मुलगी कोणालाच त्रास देत नसल्यामुळे तिचं निदान वर्षानुवर्षं राहून जातं, तो वेगळाच विषय.

आता गोळीकडे येऊ. तिचा इतिहास अपघाती आहे. १९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर मुलांच्या एका मनोरुग्णालयात काम करत होते. मेंदूचा एक्स-रे काढण्यासाठी त्या काळी पाठीच्या कण्यातून द्रव काढून हवा भरत. त्यानंतर मुलांचं डोकं भयंकर दुखायचं. त्यावर उतारा म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक देऊन पाहिलं. डोकेदुखी फारशी थांबली नाही, पण शिक्षक सांगू लागले की मुलं अभ्यासाला बसतायत. मग त्यांनी ५ ते १४ वयाच्या ३० मुलांना आठवडाभर ते औषध दिलं. १४ मुलांच्या शाळेच्या कामात लक्षणीय फरक पडला. बदल पहिल्याच दिवशी दिसला आणि औषध थांबवलं त्या दिवशी गेला. मुलांनी त्यांना "गणिताच्या गोळ्या" म्हणायला सुरुवात केली, असं सांगतात.

आज सर्वाधिक वापरलं जाणारं मिथाइलफेनिडेट १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या सीबा कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ लिआंद्रो पानिझोन यांनी बनवलं. त्यांच्या पत्नीने ते घेऊन पाहिलं आणि तिचा टेनिसचा खेळ सुधारला, अशी गोष्ट आहे. तिच्या लाडक्या नावावरून, रीटावरून, रिटालिन.

आधीच उधळलेल्या पोराला उत्तेजक? बहिणीला हे काही केल्या पटेना. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देताना डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन ही रसायनं सोडतात आणि निरोप पोचला की ते लगेच परत ओढून घेतात. मोरीची जाळी पाणी ओढून घेते तसं. मिथाइलफेनिडेट या जाळीवर फडकं टाकतं. पाणी काही वेळ साचून राहतं, म्हणजे निरोप थोडा जास्त वेळ टिकतो. याचा सर्वांत जास्त उपयोग कपाळामागच्या भागाला होतो. "थांब, आत्ता नको, आधी हे पूर्ण कर" असं सांगणारा तो भाग. एडीएचडी असलेल्या मुलांत हा भाग सावकाश पिकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २००७ मध्ये २२३ मुलांचे मेंदू स्कॅन करून दाखवलं की मेंदूचं बाह्यावरण त्यांच्यात साधारण साडेदहाव्या वर्षी जाड होण्याच्या शिखराला पोचतं, इतर मुलांत साडेसातव्या. तेव्हा उत्तेजन मिळतं ते मुलाला नव्हे, त्याच्या ब्रेकला.

साध्या गोळीचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतो आणि साधारण चार तासांत ओसरतो. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. "एकदा सुरू केली की जन्मभर" ही भीती प्रत्येक घरात असते. पण ही गोळी महिनोनमहिने शरीरात मुरत नाही. सकाळी दिलेला डोस दुपारी संपतो. उद्याची द्यायची की नाही, हे उद्या ठरवता येतं. म्हणजे या निर्णयाची चाचणी घेता येते. मुलांच्या बाबतीतले फार थोडे निर्णय असे असतात. शाळा बदलणं नाही, गाव सोडणं तर नाहीच.

फक्त चाचणीतून कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, ते नीट कळलं पाहिजे. "गोळी दिली आणि तो शांत बसला, म्हणजे एडीएचडीच" हे मी तीन-चार पालकांकडून ऐकलंय. ते चूक आहे. १९७८ मध्ये ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसलीही तक्रार नसलेल्या मुलग्यांना याच जातीचं उत्तेजक, डेक्स्ट्रोॲम्फेटामिन, देऊन पाहिलं. त्यांचीही हालचाल कमी झाली, लक्ष सुधारलं. गुण आला म्हणून निदान बरोबर ठरत नाही.

आणि वय लहान असेल तर गुणही कमी येतो. साडेपाच वर्षांपर्यंतच्या मुलांवरचा सर्वांत मोठा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांपासूनची ३०३ मुलं त्यात दाखल झाली होती. आधी आईवडिलांना दहा आठवडे प्रशिक्षण, तरीही गरज उरली त्यांनाच औषध. औषधाने फायदा झाला, पण शाळकरी मुलांइतका नाही. ११ टक्के मुलांना दुष्परिणामांमुळे ते सोडावं लागलं. जी वर्षभर घेत राहिली त्यांची उंची अपेक्षेपेक्षा सुमारे २० टक्के आणि वजन ५५ टक्के कमी वाढलं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिवसभर टिकणाऱ्या उत्तेजकांच्या माहितीपत्रकात सहा वर्षांखालच्या मुलांचं वजन घटण्याबद्दल इशारा घालायला लावला.

म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की चार ते सहा वयात आधी पालकांचं प्रशिक्षण, ते पुरलं नाही तर मिथाइलफेनिडेट. ब्रिटनचा नियम आणखी कडक आहे. पाच वर्षांखाली दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय औषध नाहीच. पाळलं किती जातं, हा प्रश्न वेगळा. अमेरिकेतल्याच २०२५ च्या एका अभ्यासात तीन ते पाच वयात निदान झालेल्या ९,७०८ मुलांपैकी ४२ टक्क्यांना निदानानंतर महिन्याच्या आत औषध लिहून दिलं गेलं होतं. महिन्याभरात कुठलं प्रशिक्षण पुरं होणार?

"पालकांचं प्रशिक्षण" म्हटल्यावर बहिणीला अपमान वाटला होता. म्हणजे चूक आमची? तसं नाही. चष्मा लागलेल्या मुलाच्या आईने फळ्यावर मोठं लिहायला शिकावं, तसं हे आहे. आठवड्याला एक, अशी ती आठेक सत्रं होती. त्यातलं एक चित्र माझ्या डोळ्यांसमोर आहे. आधी ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे आवर, दात घास, मोजे घाल, डबा दप्तरात ठेव, किती वेळा सांगायचं!" पाच निरोप आणि एक तक्रार, तेही भिंतीपलीकडून. सत्रानंतर ती त्याच्याजवळ जाऊन, गुडघ्यावर बसून, खांद्याला हात लावून म्हणायची, "मोजे." बस. मोजे चढले की लगेच, "वा, घातलेस." मग पुढचं. शाबासकी तिथल्या तिथे, कारण या मुलांना संध्याकाळच्या आईस्क्रीमचं आमिष सकाळी दिसत नाही. बाईंनीही एक छोटं कार्ड सुरू केलं, रोज तीनच चौकटी: जागेवर बसला, हात वर करून बोलला, डबा स्वतःचाच खाल्ला.

आधी प्रशिक्षण की आधी गोळी, याला मला वाटत होतं त्यापेक्षा जास्त महत्त्व निघालं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम पेलहॅम यांच्या गटाने २०१६ मध्ये ५ ते १२ वयाच्या १४६ मुलांचे दोन भाग केले. काहींना आधी वर्तनोपचार, म्हणजे असंच प्रशिक्षण, काहींना आधी कमी डोसची गोळी, आणि ज्यांना पुरलं नाही त्यांना जास्तीची मदत. आधी वर्तनोपचार मिळालेल्या मुलांनी वर्गातले नियम कमी मोडले. गोळीने सुरुवात झालेल्या घरांना नंतर प्रशिक्षण देऊ केलं तेव्हा बहुतेक आईवडील आलेच नाहीत. मूल शांत बसायला लागल्यावर कोण रजा टाकून सत्राला जाणार? मीही गेलो नसतो.

मोठ्या मुलांचं पारडं वेगळं आहे. सात ते नऊ वयाच्या ५७९ मुलांवरचा १९९९ चा अभ्यास या विषयातला सर्वांत गाजलेला. चौदा महिन्यांनंतर मुख्य लक्षणांसाठी काळजीपूर्वक दिलेली गोळी नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरली. तीन वर्षांनी पाहिलं तर सगळे गट सारखेच झाले होते. आणि मोठेपणी, वर्षानुवर्षं सलग गोळी घेतलेल्यांची उंची जवळपास न घेतलेल्यांपेक्षा सरासरी काही सेंटिमीटर कमी भरली. व्यसनाची भीती मात्र अभ्यासांत टिकलेली नाही. लहानपणी उपचार घेतल्यामुळे पुढे व्यसनाचा धोका वाढतो, असं दिसलेलं नाही.

गोळी शिकवत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. पेलहॅम यांच्याच २०२२ च्या प्रयोगात गोळी घेतलेल्या मुलांनी वर्गात जास्त गणितं सोडवली, कमी दंगा केला. पण नवा धडा त्यांना जास्त कळला असं झालं नाही. गोळी मुलाला बाकावर बसवते. बसल्यावर पुढे काय, ते बाईंच्या हातात.

भाच्याची पहिली कार्डावर निघाली. घर बरंच निवळलं. पण दुसरीत तो एकदा रिक्षातून चालत्यात उतरला आणि मित्रांनी त्याला खेळायला घेणं सोडलं. शाळेतून येऊन तो म्हणाला, "मी घाणेरडा मुलगा आहे ना?" औषध न देण्याचीही किंमत असते आणि ती मूल चुकवतं. साडेसहाव्या वर्षी डॉक्टरांनी वजन, उंची, नाडी, रक्तदाब पाहून, घराण्यात हृदयविकार आहे का विचारून, पाच मिलिग्रॅमची गोळी लिहिली.

चिठ्ठी दोन प्रतींत होती. आपल्याकडे मिथाइलफेनिडेट अनुसूची 'एक्स' या कडक नियंत्रणाच्या यादीत येतं आणि मेडिकलवाल्याला एक प्रत ठेवून घ्यावी लागते. चार दुकानांत "आम्ही ठेवत नाही" ऐकून पाचव्यात मिळाली.

डॉक्टरांनी सुचवलं, एक आठवडा गोळी, एक आठवडा नाही, असं महिनाभर करा आणि बाईंना सांगू नका. कार्ड त्या भरतातच. मला हे फार आवडलं. १९९४ मधला एक प्रयोग आठवला. साखरेने आपला मुलगा उधळतो असं मानणाऱ्या आयांना सांगितलं की आज त्याला भरपूर साखर दिली आहे. खरं तर सगळ्यांना साखर नसलेलं पेयच दिलं होतं. तरी त्या आयांना मुलं जास्त चळवळी वाटली. आपण जे शोधतो ते दिसतं, आईला तर जास्तच.

महिन्याने चार कार्डं जेवणाच्या टेबलावर मांडली. गोळीच्या आठवड्यांत चौकटी जवळपास भरलेल्या, नसलेल्या आठवड्यांत निम्म्या. घरात मात्र फरक असा की गोळीच्या दिवशी डबा तसाच परत यायचा आणि दुपारी, गोळी उतरताना, कारण नसताना रडू. डबा परत येण्यावर आजींनीच तोडगा काढला. आता तो साडेसातला दोन थालीपिठं लोण्यासकट खातो, गोळी साडेआठला, शाळा नऊला. उंचीची खूण दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने होते. मे महिन्यात गोळी बंद होती. जूनमध्ये परत सुरू करायची का, हे तिसरीच्या बाईंची पहिली दोन कार्डं आल्यावर बघू, असं ठरलंय.