आधी प्लॉट, मग रस्ता, शेवटी बस

नागपुरात मेट्रोचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. आमच्या भागात ती का नाही, आणि स्टेशनवर उतरल्यावर घरापर्यंत जायचं कशानं? मेट्रोच्या आराखड्यात याची अर्धीच उत्तरं मिळतात. उरलेली शोधायला शहर कसं वसत गेलं तिथपर्यंत मागे जावं लागतं.

गोंड राजा बख्त बुलंद शहानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर वसवलं ते ‘राजापूर बारसा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या रस्त्यांनी जोडून. म्हणजे सुरुवात तरी रस्त्यापासून झाली होती. पुढे भोसल्यांच्या काळात महाल आणि भोवतालच्या इतवारी, बुधवारी, शुक्रवारी या भागांत वस्ती दाटली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांचा जम बसला. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं आणि साहेबांचे बंगले सीताबर्डीच्या टेकडीच्या पश्चिमेला सिव्हिल लाइन्समध्ये उठले. १८६७ मध्ये भुसावळकडून रेल्वे आली ती नेमकी टेकडी आणि जुनं शहर यांच्या मधून. तेव्हापासून नागपूरचे दोन भाग पडले ते पडलेच. आजही पूर्वेकडून पश्चिमेला जायचं म्हणजे पूल नाहीतर पुलाखालचा रस्ता: लोहापूल, आनंद टॉकीज, रामझुला. सकाळी दहाच्या सुमारास यांपैकी कुठेही उभं राहिलं तर दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या आखणीची किंमत कळते.

१८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल जुम्मा तलावाजवळ सुरू झाली. गिरणीच्या भोंग्याच्या टापूतच कामगारांच्या वस्त्या होत्या, त्यामुळे पायी जाऊन भागत होतं. नंतर सायकल आली. वाहतुकीचं नियोजन असं काही करावं लागतं, हे फार काळ कुणाच्या डोक्यातच आलं नसावं.

नियोजनाची खरी सुरुवात १९३६ च्या कायद्यानं झाली. त्यातून नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे आपली नासुप्र, उभी राहिली. जमीन घ्यायची, रस्ते आखायचे, नाल्या काढायच्या, प्लॉट पाडून विकायचे, अशी तिची पद्धत. स्टेशनपासून पूर्वेला दाट वस्ती चिरत गेलेला सेंट्रल एव्हेन्यू, आपला सीए रोड, याच सुधारणेच्या विचाराचं फळ. या कामाला नावं ठेवायची हौस मला नाही. पश्चिम नागपुरातले रुंद रस्ते आणि बगिचे त्यातूनच मिळाले. पण या आखणीत बसला जागा नव्हती. रस्ता किती फुटी हे नकाशावर होतं, त्यावरून कोण कशानं जाणार हे नव्हतं.

१९५१ मध्ये महानगरपालिका झाली. १९५६ मध्ये राजधानीचा मान गेला, तरी शहर वाढायचं थांबलं नाही. आणि वाढलं ते बरंचसं नासुप्रच्या योजनांच्या बाहेर. शेतमालकांनी शेतजमिनीचे तुकडे पाडले, गृहनिर्माण संस्थांनी ते विकले, लोकांनी हप्त्याहप्त्यानं घरं बांधली. २००१ मध्ये असे अनधिकृत तुकडे नियमित करणारा राज्याचा गुंठेवारी कायदा आला. नियमित करायच्या ले-आउटांचे ‘५७२ ले-आउट’, ‘१९०० ले-आउट’ असे आकडे नागपूरच्या बोलीत वस्त्यांच्या नावासारखे रुळले. प्लॉट घेताना आजही पहिला प्रश्न ‘आरएल झालं का?’, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र मिळालं का, हाच असतो. बस कुठे थांबते, हे कुणी विचारत नाही. विचारून उपयोगही नसतो. ज्या ले-आउटमधला रस्ता नऊ मीटरचा आणि पुढच्या ले-आउटला न जुळणारा, तिथे बस वळणार कुठून?

शहर बस बरीच वर्षं एसटी चालवत होती. गावोगावी गाड्या सोडणं हे तिचं मुख्य काम, शहर फेऱ्या जोडीला. २००७ मध्ये महापालिकेनं सेवा आपल्याकडे घेऊन खासगी कंत्राटदाराकडून ‘स्टार बस’ सुरू केली, दहाएक वर्षांनी तिची ‘आपली बस’ झाली. त्याआधी, २००० च्या सुमारास, आयुक्त टी. चंद्रशेखर यांच्या काळात अतिक्रमणं हटवून रस्ते रुंद झाले. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, आणि रुंद रस्त्यांचा सगळ्यात मोठा फायदा दुचाकीला झाला. बसची वाट पाहत अर्धा तास उभं राहण्यापेक्षा हप्त्यावर स्कूटर घेणं लोकांना परवडू लागलं होतं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांवर गेली, तोवर ही सवय पक्की झाली होती.

मेट्रो आली ती या सवयीच्या डोक्यावर. ऑगस्ट २०१४ मध्ये भूमिपूजन, मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी पहिली सेवा, डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण. क्रम पाहण्यासारखा आहे. आधी वर्धा रोड, जिथे रस्ता रुंद, जमीन मोकळी आणि पुढे मिहान हा विमानतळाजवळचा उद्योग प्रकल्प. २०२० मध्ये लोकमान्यनगरची पश्चिम मार्गिका. सीए रोडवरून प्रजापतीनगर आणि कामठी रोडवरून ऑटोमोटिव्ह चौक, म्हणजे गर्दीचं पूर्व आणि उत्तर नागपूर, सगळ्यात शेवटी. बांधकामाच्या सोयीनं पाहिलं तर हे समजतं, प्रवाशाच्या बाजूनं पाहिलं तर समजत नाही.

मेट्रोच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत वाढीव एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची मुभा, देण्याचा नियमही आला. वस्तीनं गाडीच्या जवळ यावं, हा विचार नागपूरच्या नियोजनात पहिल्यांदाच कागदावर उतरला. पण ज्यांनी आधीच दूर प्लॉट घेऊन घर बांधलं, त्यांना तो लागू पडत नाही. त्यांना हवी स्टेशनपर्यंत नेणारी बस, आणि ती वेगळ्या यंत्रणेच्या हातात आहे. शहराबाहेरच्या पट्ट्यासाठी २०१७ पासून एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, ही आणखी एक यंत्रणा आहे.

४३.८ किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. त्यात मार्गिका कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीकडे लांबतात. मानेवाडा, हुडकेश्वर, नरसाळा, दिघोरी हा ले-आउटांनी भरलेला आग्नेयेकडचा पट्टा मात्र दोन्ही टप्प्यांच्या नकाशाबाहेर राहतो. हुडकेश्वर-नरसाळा तर २०१३ मध्ये महापालिकेत आले. तिथे घरं त्याच्या कितीतरी आधीपासून होती. मेट्रो येईपर्यंत तिथल्या माणसाकडे बस, शेअर ऑटो आणि स्वतःची गाडी एवढंच, आणि यातलं पहिलं वेळेवर येत नाही.