लेझर संरक्षक चष्मा (छंदापुरता वापर)

लेझरच्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश अडवून बाकीचा आरपार जाऊ देणारा चष्मा. बोलीत ‘लेझर गॉगल’. कारखाने, दवाखाने आणि प्रयोगशाळांत तो जुनाच आहे; टेबलावर मावणारी लेझर कोरीवकामाची मशीन स्वस्त झाली, तसा तो घरांत आला. ठाणे आणि नवी मुंबईत गणपती जवळ आले की याची निकड जास्त जाणवते. मखराच्या जाळ्या, दारावरच्या पाट्या, किचेन अशा कामांना तेव्हा जोर येतो. मोठे काम वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे पट्ट्यातल्या जॉबवर्कवाल्यांकडे जाते, किरकोळ काम घोडबंदर रोडच्या किंवा कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये गॅलरीत उरकले जाते. कारखान्यातली मशीन बहुधा झाकणबंद असते, गॅलरीतली सताड उघडी. चष्म्याचा प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या मशीनचा आहे.

डोळ्याला होणारी इजा तरंगलांबीवर ठरते. ४०० ते १४०० नॅनोमीटरमधला प्रकाश बुबुळातून आत जातो आणि डोळ्याचे भिंग तो दृष्टिपटलावर एका ठिपक्यात गोळा करते. तिथली तीव्रता सुमारे एक लाख पटींनी वाढते. तीव्र प्रकाश पडला की पापणी आपसूक मिटते, पण त्याला साधारण पाव सेकंद लागतो. १ मिलीवॅटपर्यंतच्या दृश्य लेझरला (धोक्याच्या वर्गवारीत वर्ग २) एवढी चपळाई पुरते. ५०० मिलीवॅटच्या पुढचे उघडे लेझर वर्ग ४ मध्ये येतात आणि छंदाची ५, १० किंवा २० वॅटची मशीन तिथेच बसते. या वर्गात नुसती थेट शलाका नव्हे, तर परावर्तनही घातक असते. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत आहे, तिचेच उदाहरण घ्यावे. स्टीलच्या डब्यावर नाव कोरताना गोलसर चकचकीत पत्रा किरण कुठे फेकेल याचा भरवसा नसतो. लाकूड किंवा एमडीएफवर प्रकाश विखुरतो, पण जवळून टक लावून बघत राहिल्यास तोही डोळ्याला चांगला नाही. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर मिरवणुकीतल्या लेझरमुळे दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या बातम्या राज्यात आल्या आणि २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मिरवणुकीत असे झोत वापरण्यावर बंदी घातली. मशीनमागे बसणाऱ्याचे अंतर तर त्याहून कितीतरी कमी असते.

चष्मा निवडताना पहिली अट तरंगलांबीची. स्वस्त डायोड मशीनचा निळा किरण ४४५ ते ४५५ नॅनोमीटरचा असतो. त्याला नारिंगी किंवा लालसर काच लागते. फायबर लेझर १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे अदृश्य. पापणी मिटायला कारणच मिळत नाही आणि ऊर्जा थेट दृष्टिपटलावर जाते, म्हणून तो सर्वांत दगाबाज. कार्बन डायऑक्साइड लेझर १०,६०० नॅनोमीटरचा असून तो दृष्टिपटलापर्यंत पोहोचत नाही, पण डोळ्याचा पारदर्शक पडदा भाजू शकतो. हा किरण साधे पारदर्शक पॉलिकार्बोनेटही शोषून घेते, त्यामुळे यासाठीचे चष्मे रंगहीन असतात. तेच रंगहीन चष्मे निळ्या किरणासमोर काही कामाचे नाहीत. काचेचा रंग ही खूण आहे, पुरावा नव्हे. दोन नारिंगी काचा हुबेहूब सारख्या दिसल्या, तरी त्यांची अडवण्याची ताकद हजार पटींनी वेगळी असू शकते.

ही ताकद ‘ऑप्टिकल डेन्सिटी’ म्हणजे ओडी या आकड्यात सांगतात. ओडी १ म्हणजे दहावा भाग आत येतो, २ म्हणजे शंभरावा, ४ म्हणजे दहा हजारावा, ५ म्हणजे लाखावा. गरज काढायला घरगुती हिशेब पुरतो: ७ मिलिमीटर उघडलेल्या बुबुळातून पाव सेकंदासाठी दृश्य प्रकाशाची सुरक्षित मर्यादा साधारण १ मिलीवॅट आहे. १० वॅट म्हणजे १०,००० मिलीवॅट; ते १ वर आणायला ओडी ४ हवी. ५ वॅटला ३.७, २० वॅटला ४.३. हे फक्त पाव सेकंदाच्या अपघाताचे गणित आहे. निळ्या प्रकाशाकडे बराच वेळ पाहिल्यास रासायनिक इजाही होते, तेव्हा घरच्या डायोड मशीनसाठी ओडी ५ किंवा अधिक धरणे शहाणपणाचे. मशीनवरचा वॅटचा आकडाही तपासावा. खोक्यावर ‘४० वॅट’ असे ठळक छापून आत बारीक अक्षरात प्रकाशाची ताकद ५ वॅट असते. मोठा आकडा विजेचा. हिशेब प्रकाशाच्या वॅटवर करायचा.

ओडी फक्त प्रकाश किती गाळला जातो ते सांगते, काच किती टिकते ते नाही. युरोपीय मानक ईएन २०७ मध्ये काच आणि फ्रेम थेट किरणासमोर काही सेकंद टिकते का, हेही तपासतात आणि तरंगलांबीचा पट्टा, लेझरचा प्रकार व ‘एलबी’ पातळी (काच किती ताकदीचा किरण सोसते तो आकडा) चष्म्यावरच छापतात. असा प्रमाणित चष्मा काही हजारांना पडतो. ऑनलाइन बाजारातला नुसता ‘लेझर सेफ्टी’ लिहिलेला गॉगल काही शे रुपयांत मिळतो. मशीनबरोबर फुकट येणारा हिरवा किंवा नारिंगी गॉगल हा बहुतेक वेळा सोपस्कार असतो. त्यावर तरंगलांबी आणि ओडी दोन्ही छापलेली नसतील, तर तो कपाटात राहिलेला बरा.

स्वस्त म्हणजे कुचकामी, असे मात्र नाही. विक्रेता तरंगलांबीनुसार गाळणीचा आलेख देत असेल, त्यात आपल्या किरणाचा आकडा पट्ट्याच्या काठावर नव्हे तर आत येत असेल आणि ओडी काचेवर कोरलेली असेल, तर मधल्या किमतीचा चष्मा छंदापुरता चालतो. ‘१९०–५४०’ नॅनोमीटर असा दावा करणाऱ्या नारिंगी काचेची ढोबळ पारख हिरव्या पॉइंटरने करता येते. तो ५३२ नॅनोमीटरचा असतो. चष्मा हातात धरून पॉइंटर त्यातून खडबडीत, पांढऱ्या भिंतीवर मारावा. पॉइंटरच्या दिशेने बघू नये. भिंतीवर हिरवा ठिपका स्पष्ट उमटला, तर दावा खोटा. ठिपका नाहीसा झाला, तरी ओडी ५ सिद्ध होत नाही, कारण मंद पॉइंटर ओडी ३ लाही दिसेनासा होतो. लाल पॉइंटरने ही पारख करण्यात अर्थ नाही. नारिंगी काचेतून लाल प्रकाश जायचाच. स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून ८०८ व १०६४ नॅनोमीटरचे अदृश्य किरणही निसटू शकतात आणि नारिंगी काच त्यांना अडवत नाही.

उन्हाळी गॉगल, वेल्डिंगची काच, सौंदर्योपचाराचे चष्मे यांवर काम भागवण्याचा मोह टाळावा. उन्हाळी गॉगल साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त प्रकाश आत सोडतो आणि अंधारामुळे बुबुळ उलट मोठे होते.

नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी वरून बसणारा, बाजूने बंद असलेला प्रकार घ्यावा; नाकाजवळची फट राहिली तर बाजूने येणारे परावर्तन तिथूनच शिरते. दृश्य प्रकाश आरपार जाण्याचे प्रमाण फार कमी असेल तर संध्याकाळी ट्यूबलाइटखाली काम दिसत नाही, आणि मग माणूस चष्मा कपाळावर चढवतो. याचीही चौकशी खरेदीच्या वेळीच करावी.

वन-बीएचकेमध्ये मशीन चालवताना चष्मा एकट्याचा असून भागत नाही. त्या खोलीत वावरणाऱ्या प्रत्येकाला तो लागतो, आणि मांजराला तर घालताच येत नाही. म्हणून अशा घरात पैसे आधी मशीनभोवतीच्या झाकणावर घालावेत. निळ्या किरणासाठी बनवलेल्या, ओडी नमूद असलेल्या नारिंगी ॲक्रिलिकची खिडकी, बाकी बाजू अपारदर्शक, आणि झाकण उघडताच मशीन थांबवणारा स्विच असला, की चष्मा ही दुसरी फळी उरते. फोकस लावताना, बेल्ट ताणताना झाकण उघडावे लागते, तेव्हा तो डोळ्यावर हवाच.

पॉलिकार्बोनेटमधला रंग उन्हात फिका पडतो, म्हणून चष्मा गॅलरीच्या कट्ट्यावर न ठेवता डबीत ठेवावा. काच मऊ कापडाने साबणाच्या पाण्यात पुसावी, थिनर किंवा ॲसिटोन लावू नये. ओरखडा खोल गेला, भाजल्याचा डाग पडला किंवा तडा दिसला की चष्मा बदलावा.