पुस्तक लेखकाचे, मजकूर कोणाकडे? मराठी स्वयंप्रकाशनाची पार्श्वभूमी

पदरचे पैसे घालून पुस्तक काढणे मराठी लेखकाला नवे नाही. एकोणिसाव्या शतकात आगाऊ वर्गणीदार जमवून त्यांच्या भरवशावर छापखान्याचा खर्च भागवला जाई. १८६७च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव व ठिकाण छापणे बंधनकारक केले. विसाव्या शतकातली अशी पुस्तके उघडली, तर श्रेयपानावर ‘प्रकाशक’ म्हणून अनेकदा सौभाग्यवतींचे नाव आणि खाली घरचाच पत्ता सापडतो. व्यवहार सगळा लेखकाचाच असे.

खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत मात्र जुळवलेला मजकूर लेखकाकडे कधीच राहत नसे. छापखान्याकडे खिळे मोजके. दोन-तीन फर्मे (एका कागदावर एकत्र छापायच्या पानांचे संच) जुळवायचे, प्रुफे तपासून घ्यायची, छापायचे, खिळे सोडून पुन्हा पेटीतल्या त्यांच्या घरात टाकायचे आणि पुढचे फर्मे हाती घ्यायचे. पाचव्या फर्म्यात लक्षात आलेली चूक पहिल्या फर्म्यात दुरुस्त होत नसे. ती शुद्धिपत्रात जाई. दुसरी आवृत्ती म्हणजे पुन्हा पहिल्यापासून जुळणी. म्हणून लेखक एकदम हजार प्रती काढत, आणि त्यातल्या बऱ्याच माळ्यावर जात.

१९९०च्या दशकात डीटीपी, म्हणजे संगणकावर पाने तयार करण्याची पद्धत, आली आणि ही अडचण सुटल्यासारखी वाटली. संगणकावर अक्षरजुळणी, लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग (पारदर्शक कागदावर काढलेली पाने), त्यावरून छपाईची प्लेट, मग ऑफसेट यंत्रावर छपाई. ट्रेसिंगची गुंडाळी लेखक घरी नेऊ शकत होता. आज ई-पुस्तक करायला निघालेल्या लेखकापुढची मुख्य अडचण मात्र त्याच दशकातल्या एका निर्णयातून आलेली आहे, म्हणून त्यावर थोडे थांबले पाहिजे.

तेव्हाच्या फॉन्टमध्ये अक्षरचिन्हांसाठी एकूण २५६ खणच असत, आणि त्यातलेही सगळे वापरता येत नसत. देवनागरीची अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, मात्रा, रफार एवढ्यात बसत नाहीत. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीने अक्षरांचे तुकडे केले आणि आपल्या सोयीने खणांत टाकले. काना एका खणात, अर्धा ‘स’ दुसऱ्यात, रफार आणि अनुस्वाराचा जोड तिसऱ्यात. एका कंपनीचा ‘क’ दुसरीकडे स्वल्पविराम निघे. देशात ‘इस्की’ ही प्रमाण संकेतप्रणाली १९९१मध्ये भारतीय मानक म्हणून जाहीर झाली होती. त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या सामायिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातही देवनागरी होती. तरीही छपाईचा धंदा तुकड्यांच्या फॉन्टवरच उभा राहिला. वर त्या सॉफ्टवेअरला संगणकाच्या मागे लावायचे डाँगल, म्हणजे परवान्याची किल्ली, असे; ते बिघडले की फाइल असून नसल्यासारखी.

या निर्णयाचे समर्थक म्हणतात की दुसरा मार्गच नव्हता. तेव्हाच्या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडाक्षरे घडवता येत नव्हती, आणि तुकड्यांचे फॉन्ट दिसायला खरोखर देखणे होते. त्यात तथ्य आहे. भारतीय लिप्या नीट हाताळणारे पानमांडणीचे सॉफ्टवेअर सर्रास मिळू लागले ते २०१२च्या सुमारास. पण त्यानंतरही अनेक जुळणीकार वर्षानुवर्षे जुन्याच फॉन्टवर राहिले, कारण की-बोर्डाचा हात बसलेला आणि जुन्या फाइली तयार. त्याची किंमत मोजली ती लेखकांनी. आजही नवे पुस्तक जुन्या फॉन्टमध्ये जुळवून देणारे आहेत, आणि लेखकाने ते स्पष्ट नाकारायला हवे.

नेमके बिघडते काय, ते पाहू. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार व्यंजनानंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: वेलांटी व्यंजनानंतर, रफाराचा ‘र्’ आधी. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला हे सगळे हलवावे लागते. ‘स्थिती’मधली वेलांटी अख्खे जोडाक्षर ओलांडून गेली नाही, तर शब्द फुटतो आणि मध्ये तुटक गोल दिसतो. ‘निर्मिती’त वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर असल्याने तिथे हमखास घोटाळा. ‘कार्यकर्त्यांनी’मधला रफार जागा सोडतो. सर्वांत वाईट म्हणजे ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’ होते, कारण जुन्या फॉन्टमधला अर्ध्या ‘र’चा आडवा तुकडा प्रोग्रॅम साध्या रफारात बदलतो. ही चूक तुटक गोल दाखवत नाही, त्यामुळे नजरेतून सुटते. ‘र्या’ आणि ‘र्हा’ शोधून एकेक जागा हाताने तपासणे, हा त्यावरचा खात्रीचा उपाय. अवतरणचिन्हे आणि डॅश भलत्याच अक्षरांत बदललेले असतात, ते वेगळेच.

‘माझ्याकडे पीडीएफ आहे’ हे उत्तर इथे पुरत नाही. पीडीएफमध्ये पानाचे चित्रण पक्के असते, मजकूर नव्हे. जुन्या फॉन्टच्या पीडीएफमधून मजकूर उचलला तर रोमन अक्षरांचा कचरा हाती येतो, आणि युनिकोडच्या पीडीएफमधूनही जोडाक्षरे विस्कटू शकतात. ई-पुस्तकात ओळी पडद्याच्या मापाप्रमाणे वाहत्या असाव्या लागतात. त्यासाठी युनिकोडमधली मूळ वर्ड किंवा तत्सम फाइलच हवी. फाइलची भाषा मराठी म्हणून नोंदवायला हवी, हिंदी म्हणून नव्हे. अनेक फॉन्टमध्ये ‘श’ आणि ‘ल’ची मराठी वळणे त्या नोंदीवरूनच उमटतात. राज्य शासनाने २००९मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला, तेव्हा त्यात या वळणांचा विचार होता.

डिसेंबर २०१६मध्ये एका मोठ्या परदेशी कंपनीने ई-पुस्तके वाचण्याच्या आपल्या उपकरणावर मराठीसह पाच भारतीय भाषा आणल्या, आणि लेखकाला कोणालाही न विचारता डिजिटल पुस्तक विक्रीला ठेवता येऊ लागले. परदेशातल्या मराठी वाचकाला टपालखर्चाविना पुस्तक मिळू लागले, हा मोठाच लाभ. त्या कंपनीची एक अट ध्यानात ठेवावी: भारतातल्या विक्रीवर ३५ ऐवजी ७० टक्के मानधन हवे असेल, तर ९० दिवसांच्या मुदतीसाठी डिजिटल आवृत्ती अन्यत्र कुठेच ठेवता येत नाही. मुदत आपोआप वाढत जाते. छापील प्रतीला ही अट लागू नाही.

छपाईही बदलली होती. १६० पानांचे डेमी आकाराचे पुस्तक म्हणजे १६ पानी १० फर्मे. १८ बाय २३ इंची कागदावर फर्म्याला दोन प्लेटी, म्हणजे एकूण २०. प्रती शंभर असोत की हजार, प्लेटी तेवढ्याच. हजार प्रतींना २३ बाय ३६ इंची, म्हणजे दुप्पट मापाच्या, कागदाची १० रिमे (रीम म्हणजे ५०० कागद) लागतात, वर नासधूस धरावी. डिजिटल छपाईत प्लेटच नाही, त्यामुळे ५० प्रतीही परवडतात, पण प्रतीमागचा खर्च फारसा उतरत नाही. साधारण ३०० ते ५०० प्रतींच्या पुढे ऑफसेटच स्वस्त. कमी प्रतींत कागदाच्या धाग्याची (त्यातल्या तंतूंची) दिशा चुकण्याचा धोका असतो: धागा कण्याला समांतर नसेल तर पुस्तक उघडे राहत नाही आणि पावसाळ्यात पाने लाटांसारखी होतात. काळा मजकूर चार रंगांत गेला तर अक्षरांना सावली येते. तो फक्त काळ्यात द्यावा. कण्याची जाडी अंदाजाने ठरवू नये. ज्या कागदावर छापायचे त्याचेच ८० कागद (दोन्ही बाजूंची मिळून १६० पाने) दाबून मोजावेत. ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) कागदाला ती ८ मिलिमीटरच्या आसपास भरते.

याच काळात ‘पॅकेज’ देणाऱ्या संस्था आल्या: मांडणी, मुखपृष्ठ, आयएसबीएन, छपाई, सगळे एका रकमेत. त्यातला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, वादाचा. भारतात तो फुकट मिळतो, २०१६पासून अर्जही ऑनलाइन करता येतो, आणि लेखक स्वतःच्या नावाने तो घेऊ शकतो. पॅकेजवाल्याचा क्रमांक घेतला की नोंदीत प्रकाशक तो होतो. संबंध तुटले तर नवा क्रमांक, नवे श्रेयपान, आणि जुन्या क्रमांकाखालचे वाचकांचे अभिप्राय तिथेच. कॉपीराइटचा या क्रमांकाशी संबंध नाही. तो लिहिताक्षणी लेखकाचाच असतो. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात, तर निव्वळ पुनर्मुद्रणाला नवा लागत नाही.

१८६७च्या कायद्याची जागा १ मार्च २०२४पासून नव्या कायद्याने घेतली आणि त्यातून पुस्तके वगळली गेली. १९५४चा ग्रंथप्रदान कायदा मात्र लागू आहे: प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची. लेखक स्वतः प्रकाशक असेल तर हे काम त्याचेच, आणि बहुतेक पॅकेजांत ते धरलेले नसते.