एड्सचं ‘धोरण’ म्हणजे एड्सचा ‘कायदा’ नव्हे

एचआयव्ही हा विषाणू, एड्स ही त्याने आणलेली पुढची अवस्था. हे आता शाळकरी पोरंही सांगतात. माझं डोकं उठतं ते ‘सरकारी धोरणानुसार बंधनकारक’ असलं काही वाचलं की. धोरण बांधत नाही हो, कायदा बांधतो.

कायदा काय करतो हे गोवेकराला शिकवायला नको. फेब्रुवारी 1989 मध्ये डॉमिनिक डिसोझांना पोलिसांनी उचललं आणि म्हापशात क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात 64 दिवस डांबलं. गुन्हा एवढाच, की रक्तदान केलं आणि रक्तात एचआयव्ही सापडला. आधार होता गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातल्या एका दुरुस्तीचा, आणि उच्च न्यायालयाने ती उचलूनही धरली. तेव्हा देशाचं एड्स धोरण कुठे होतं? नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, आली 1992 मध्ये, लेखी राष्ट्रीय धोरण तर 2002 मध्ये.

गल्लत होते ती इथे. चाचणीची सक्ती नको, संमती घ्या, हे 2002 च्या धोरणात होतं. पण एखाद्या मालकाने नोकरीआधी चाचणी मागितलीच, तर धोरण दाखवून त्याचं काय वाकडं करणार? 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 ला लागू झाला आणि तीच गोष्ट हक्क बनली. चाचणीला संमती हवी, नोकरीसाठी चाचणीची अट घालायची नाही, शंभर माणसांच्या आस्थापनेत (आरोग्यसंस्था असेल तर वीसच पुरे) तक्रार अधिकारी हवा, आणि राज्यात याच तक्रारींसाठी लोकपाल (ओम्बड्समन). वाक्य जवळपास तेच. फरक इतकाच, की आता तक्रार घेऊन कुठे जायचं ते ठरलंय.

म्हणून धोरण दुय्यम, असं मात्र समजू नका. मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणाऱ्या गोळ्यांचा उपचार, सुरू झाली 1 एप्रिल 2004 ला. आधी सीडी4 पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी, एचआयव्ही त्याच मारतो) 200 च्या खाली गेल्या तरच गोळ्या, मग मर्यादा 350, मग 500, आणि 2017 पासून निदान झालं की लगेच, आकडा कितीही असो. यातल्या एकाही बदलासाठी संसदेत विधेयक आणावं लागलं नाही. कायद्याला हा वेग कधी जमला नसता.

पण जे परिपत्रकाने मिळतं ते परिपत्रकाने जाऊही शकतं. उपचारांबाबत 2017 चा कायदा सरकारला सांगतो, ‘शक्य असेल तितपत’ ते पुरवा. म्हणजे गोळ्यांपुरती आपली भिस्त अजून धोरणावरच.