ट्यूब ॲम्पचा आवाज नेमका कुठे अडतो?

काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या गिटार ॲम्पचा आवाज एकाएकी बसला की बहुतेक वादक सर्वप्रथम पॉवर ट्यूब, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या शेवटच्या मोठ्या ट्यूब, बदलायला निघतात. या ट्यूब डोळ्यांना दिसतात, तापतात, जुन्या होतात आणि सॉकेटमधून हाताने काढता येतात, त्यामुळे संशय त्यांच्यावर जाणे स्वाभाविक आहे. परंतु एके काळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये ट्यूब बनत, तो काळ मागे पडला. आता रशिया, चीन किंवा स्लोव्हाकियात तयार झालेली जोडी चांगले पैसे मोजून घ्यावी लागते आणि ती बसवल्यावरही आवाज होता तिथेच राहण्याची शक्यता मोठी असते. असे का, हे समजण्यासाठी ॲम्पच्या आधी आपल्या कानाचा विचार करावा लागतो.

कान ताकदीतला फरक सरळ प्रमाणात मोजत नाही. ५० वॉटच्या ॲम्पची ताकद निम्मी होऊन २५ वॉटवर आली, तर फरक पडतो तो केवळ ३ डेसिबलचा. लक्ष देऊन ऐकणाऱ्याला तो कळतो, पण त्यामुळे ढोलक्याच्या शेजारी उभा असलेला गिटारवादक हरवून जात नाही. आवाज निम्म्यावर आला असे वाटायला सुमारे १० डेसिबलची घट लागते, म्हणजे ५० वॉटचे ५ वॉट व्हावे लागतात. थकलेल्या पॉवर ट्यूब सहसा एवढी घट करत नाहीत. त्यांच्यामुळे खर्ज ढिला पडतो, आवाज लवकर फाटतो, आणि जोडीतली एक पूर्ण बंद पडली तर फाटण्याबरोबर घुमणारा हमही वाढतो. आवाज स्वच्छ आहे पण दूरवरून आल्यासारखा क्षीण आहे, अशी तक्रार असेल तर दोष बहुधा त्यांच्या आधीच, सिग्नलच्या वाटेवर कुठेतरी असतो.

ही वाट लांब आहे. गिटारच्या पिकअपमधून निघतो तो व्होल्टचा एखादा दशांश किंवा त्याहूनही कमी. ८ ओहमच्या स्पीकरवर ५० वॉट उभे करायला मात्र २० व्होल्ट लागतात. मधली बरीचशी चढण १२एएक्स७ नावाच्या छोट्या ट्यूब चढवतात. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, प्लेटवरचा दोन-अडीचशे व्होल्टचा दाब त्यांना ओढून घेतो, आणि मधल्या जाळीवरचा गिटारचा क्षीण सिग्नल या प्रवाहाला आवर घालतो किंवा मोकळा सोडतो. अशा एका टप्प्यात सिग्नल साधारण ६० पट होतो. या टप्प्याच्या कॅथोडला एक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. तो सुकला की वाढ जवळजवळ निम्म्यावर, म्हणजे ६ डेसिबलने, खाली येते. काही रुपयांचा हा सुटा भाग बिघडल्याने होणारे नुकसान पॉवर ट्यूबची अर्धी ताकद गेल्यापेक्षा जास्त आहे. ॲम्प आधीच फाटक्या आवाजात वाजत असेल, तर ही घट आवाजापेक्षा धार कमी झाल्यासारखी जाणवते, आणि म्हणून ती अनेकदा ओळखूच येत नाही.

मुंबईत मात्र सगळ्यात आधी पाहायची जागा वेगळी आहे, ती म्हणजे मागच्या बाजूचा इफेक्ट्स लूप, म्हणजे बाहेरची इफेक्ट उपकरणे सिग्नलच्या वाटेत जोडण्याची सोय. सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक तिथे असतात. त्यांत काहीच खोचलेले नसते तेव्हा अनेक ॲम्पमध्ये सिग्नल रिटर्न जॅकच्या आतल्या एका लवचीक पातीवरून पुढे जातो. ही पाती वर्षानुवर्षे हलवली जात नाही. खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा यांनी तिच्यावर ऑक्साइडचा थर बसतो, आणि सिग्नल पूर्ण तुटण्याऐवजी गळक्या नळासारखा थोडाथोडा पुढे सरकतो. खात्री करायला एक साधी छोटी केबल पुरते. ती सेंडमधून रिटर्नमध्ये लावताच आवाज पूर्ववत झाला, तर दोष सापडला. ॲम्प बंद करून रिटर्नमध्ये प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर केला आणि काँटॅक्ट क्लीनर मारला की पाती बहुधा ताळ्यावर येते. नाही आली तर जॅक बदलावा.

फरक पडला नाही, तर सेंडमधून निघणारा सिग्नल तालमीच्या स्टुडिओतल्या दुसऱ्या ॲम्पला द्यावा. तिथे तो दणदणीत वाजला तर पहिला अर्धा भाग निर्दोष ठरतो; क्षीण वाजला तर १२एएक्स७ ट्यूब, ॲम्प बंद करून आणि थंड होऊ देऊन, एकेक करून चांगल्या ट्यूबशी बदलून पाहाव्यात. काचेच्या माथ्यावरचा चंदेरी लेप पांढरा पडलेला दिसला, तर त्या ट्यूबमध्ये हवा शिरली आहे आणि पुढच्या तपासाची गरज नाही. स्पीकरही तपासावा. ॲम्प बंद करून तो सोडवला आणि मल्टिमीटर लावला, तर ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. मात्र स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प कधीही चालू करू नये, कारण त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

यापुढचे काम ॲम्प उघडण्याचे आहे. आतले कपॅसिटर विजेचा प्लग काढल्यावरही चारशे-साडेचारशे व्होल्ट धरून ठेवू शकतात, त्यामुळे सवय नसलेल्याने लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून घरी प्रयोग करण्याऐवजी ट्यूबचे काम जाणणारा कारागीर गाठावा. पॉवर ट्यूबच्या स्क्रीनला, म्हणजे आतल्या दुसऱ्या जाळीला, जोडलेला जळका रेझिस्टर, तापल्यावर तुटणारा ड्राय सोल्डर (कच्चा डाग), दोन टप्प्यांच्या मधला, सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा पण आता गळका झालेला कपलिंग कपॅसिटर हे त्याने शोधायचे नेहमीचे दोषी. वीस मिनिटे चांगले वाजून मग आवाज बसत असेल, तर हे त्याला आवर्जून सांगावे, कारण थंड ॲम्पमध्ये तो दोष दिसणारच नाही.

व्हॉल्यूमच्या बटणाच्या तक्रारी वेगळ्या. आवाज एकावरून दोनवर नेताच एकदम उसळतो आणि पुढे फारसा वाढत नाही, अशा वेळी आधी कुणीतरी लॉग पॉटच्या जागी लिनियर पॉट बसवला आहे का, ते पाहावे. पॉट म्हणजे बटणामागचा बदलता रेझिस्टर; लिनियर पॉट फिरवल्याच्या सरळ प्रमाणात बदलतो, तर लॉग पॉट सुरुवातीला हळू आणि पुढे झपाट्याने. कानाच्या स्वभावाला जुळण्यासाठीच लॉग पॉट वापरतात. बटण शून्यावर आणूनही आवाज कमी होत नसेल, तर पॉटचे अर्थिंगचे टोक सुटलेले असण्याचा संभव असतो. फिरवताना खरखर होत असेल तर लोक स्प्रे मारून मोकळे होतात, पण कारागिराने आधी त्या पॉटवर डीसी व्होल्टेज येत आहे का, ते मोजावे. तिथे सहसा शून्यच हवे. दोन-चार व्होल्ट दिसले, तर आधीचा कपलिंग कपॅसिटर गळतो आहे आणि तो बदलेपर्यंत, कितीही स्प्रे मारला तरी, खरखर परत येत राहील.