यूआर्ट वेगळा, आरएस-२३२ वेगळं

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत अजूनही अशी जुनी सीएनसी (प्रोग्रॅमवर चालणारी) मशीनं सापडतात, जी सिरियल केबलवरून, म्हणजे एकामागून एक बिट घेत, प्रोग्रॅम घेतात. तिकडे व्हीटीयूच्या (इथल्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) प्रोजेक्टसाठी पोरं एफपीजीएवर, म्हणजे आतलं सर्किट आपणच लिहून ठरवायच्या चिपवर, सिरियल ट्रान्समीटर लिहितात. दोन्हीकडे शब्द एकच, ‘सिरियल’. मग कुणाला तरी वाटतंच, की बोर्डाची तार थेट मशीनला जोडली की झालं. नाही होत.

यूआर्ट हा सिरियल डेटा पाठवणारा-घेणारा सर्किटचा भाग; त्याचं काम फक्त वेळेचा हिशेब. लाइन रिकामी असताना १, मग स्टार्ट बिट ०, मग खालच्या बिटापासून सुरुवात करून ८ डेटा बिट, शेवटी स्टॉप बिट १. व्होल्ट किती, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. आरएस-२३२ हे १९६० पासूनचं स्टँडर्ड, आणि ते विजेचं बोलतं: रिसीव्हरला उणे ३ ते उणे १५ व्होल्ट दिसले तर १, अधिक ३ ते अधिक १५ दिसले तर ०. एक म्हणजे उणे! नवख्याची विकेट इथेच पडते.

गोंधळ वाढवतो तो आपला लॅपटॉप. बेसिस ३ सारखा एफपीजीए बोर्ड यूएसबीला लावला की कॉम पोर्ट (लॅपटॉपमधलं सिरियल पोर्टचं नाव) दिसतो, म्हणून पोरं रिपोर्टात बिनधास्त ‘आरएस-२३२ ने डेटा पाठवला’ असं लिहितात. त्या वाटेत आरएस-२३२ कुठेच नसतं. बोर्डावरची चिप ३.३ व्होल्टचा यूआर्ट सरळ यूएसबीत घालते. पुट्टीत (सिरियलवर आलेली अक्षरं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरात) अक्षरं नीट उमटली म्हणजे वेळ जमली, एवढंच.

ती वेळ तपासायला माझी पसंती कॅपिटल ‘यू’ला. त्याचा कोड ५५ हेक्स, म्हणजे बिटांत ०१०१०१०१, त्यामुळे स्टार्ट आणि स्टॉप धरून ०१०१०१०१०१ अशी चोख चौकोनी लाट निघते. १०० मेगाहर्ट्झ क्लॉक आणि ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एका बिटाचे १०४१७ क्लॉक, म्हणजे स्कोपवर (सिग्नलची लाट दाखवणाऱ्या यंत्रावर) साधारण १०४ मायक्रोसेकंदांची पायरी. पायरी २०८ ची दिसली तर समजा, बोर्डाचा क्लॉक ५० चा आहे आणि तुम्ही १०० धरून बसलात. सिम्युलेशन हे कधीच सांगणार नाही, कारण तिथला क्लॉकही तुम्हीच ठरवलेला असतो.

मशीनपर्यंत जायचं तर मध्ये मॅक्स३२३२ ही लेव्हल बदलणारी चिप लागते. ती ३.३ व्होल्टवर चालते, उणे व्होल्टेज स्वतः तयार करते आणि लेव्हल उलटवूनही देते. काही जण व्हेरिलॉगमध्येच (एफपीजीएचं सर्किट लिहायच्या भाषेत) सिग्नल उलटा करून तार थेट जोडतात. छोट्या केबलवर ते बऱ्याचदा चालूनही जातं, पण तिथे उण्याऐवजी येणारं शून्य व्होल्ट स्टँडर्डच्या कुठल्याच पट्ट्यात बसत नाही. मोटारींच्या शेजारी मी तरी त्यावर भरवसा ठेवणार नाही. मशीनची पाठवायची तार एफपीजीएच्या पिनेला थेट लावणं तर सरळ पिन जाळणं.

शिवाय पिना बघा. लॅपटॉपकडच्या नऊ पिनांच्या कनेक्टरवर ३ नंबर पाठवतो, २ नंबर घेतो. मशीनच्या पंचवीस पिनांच्या कनेक्टरवर बहुधा नेमकं उलट, आणि ग्राउंड ५ ऐवजी ७ वर.