पुरुष नसबंदी : पात्रता, संमतीपत्र आणि मागे राहून जाणारे प्रमाणपत्र

सरकारी रुग्णालयात पुरुष नसबंदी करून घेणे अवघड नाही. शस्त्रक्रिया मोफत असते, तेवढ्या जागेपुरतीच भूल दिली जाते, बिनटाक्याच्या पद्धतीत 10 ते 15 मिनिटांत काम आटोपते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. अडते ते कागदांपाशी, आणि तेही बहुतेक वेळा शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर.

केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अर्जदार विवाहित आणि शक्यतो 60 वर्षांच्या आतील असावा, त्याला 1 वर्षाहून मोठे किमान एक अपत्य असावे, आणि त्याची किंवा पत्नीची नसबंदी आधी झालेली नसावी. आधीची शस्त्रक्रिया फसली असल्यास ही शेवटची अट लागू होत नाही. अंडकोषाच्या त्वचेला संसर्ग, अंडवृद्धी किंवा हर्निया असल्यास डॉक्टर शस्त्रक्रिया पुढे ढकलू शकतात.

मुलाचा जन्मदाखला नाही किंवा लग्नाची नोंदणी झालेली नाही, एवढ्यावरून माणसे परत पाठवली जातात. वास्तविक वय, विवाह आणि अपत्ये यांची माहिती अर्जदाराच्या स्वयंघोषणेवरून भरून घ्यावी, असे सूचनांमध्येच म्हटले आहे. पत्नीच्या सहीचेही तसेच आहे. समुपदेशनाला तिने सोबत यावे हे चांगलेच, पण तिची संमती ही अट नाही. एक दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला अशा कारणासाठी दारातून परत फिरवणे अन्यायाचे आहे. त्याने वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून हा नियम नम्रपणे, पण ठामपणे सांगावा. नसबंदी करून घेणाऱ्याला शासनाकडून मिळणारी मोबदल्याची रक्कम बँक खात्यात जमा होत असल्याने आधार कार्ड आणि पासबुकाची प्रत जवळ ठेवावी व दोन्हींवरील नाव सारखे आहे ना, ते आधीच पाहून घ्यावे.

संमतीपत्रावर घाईने अंगठा उमटवू नये. नसबंदी शिबिरांतील गैरप्रकारांविषयीच्या देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली दिलेल्या निकालानुसार त्यातील मजकूर अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगणे आणि सहीपूर्वी विचाराला पुरेसा वेळ देणे बंधनकारक आहे. ही शस्त्रक्रिया कायमची समजूनच करावी, कारण नस (शुक्रजंतू वाहून नेणारी नळी) पुन्हा जोडली तरी मूल होईलच याची खात्री देता येत नाही. पुरुषत्व कमी होण्याची भीती मात्र निराधार आहे. शस्त्रक्रियेनंतर मन बदलले तर उपाय अवघड. आधी बदलले, तर टेबलावरूनही नकार देता येतो आणि त्यामुळे इतर आरोग्यसेवा बंद होत नाहीत.

याच संमतीपत्रात एक वाक्य असते, ज्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. नसबंदीचा परिणाम लगेच होत नाही, 3 महिन्यांनी वीर्यतपासणीसाठी येईन, आणि न आल्यास परिणामांची जबाबदारी माझी राहील, असे अर्जदार त्यात लिहून देतो. नस बांधली तरी तिच्या पुढच्या भागात शुक्रजंतू उरलेले असतात, म्हणून हे 3 महिने निरोध वापरावाच लागतो. तपासणीत शुक्रजंतू दिसले नाहीत, तरच नसबंदीचे प्रमाणपत्र मिळते. दिसले, तर निरोध चालू ठेवून दर महिन्याला पुन्हा तपासणी करावी लागते.

पत्नीला दिवस गेल्यावर दाद मागायला आलेले एक गृहस्थ मला आठवतात. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला, घड्यांवर फाटलेला कागद त्यांनी पुढे केला, तेव्हा ते घरी सोडतानाचे डिस्चार्ज कार्ड निघाले. त्यालाच ते इतके दिवस प्रमाणपत्र समजत होते. तपासणीला परत यायचे असते, हे त्यांना कोणी समजेल असे सांगितलेच नव्हते. म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशीच तपासणीची तारीख केसपेपरवर लिहून घ्यावी आणि जवळच्या केंद्रात प्रयोगशाळा नसेल, तर कोणत्या रुग्णालयात जायचे त्याची चिठ्ठीही मागून घ्यावी. नमुना रुग्णालयाने दिलेल्या स्वच्छ बाटलीतच द्यावा, निरोधमधून आणू नये.

मुदतीचा घोळही इथेच होतो. तपासणीचे 3 महिने शस्त्रक्रियेच्या तारखेपासून मोजायचे असतात, तर नसबंदी फसल्यास भरपाई देणाऱ्या शासनाच्या कुटुंब नियोजन क्षतिपूर्ती योजनेखाली दावा दाखल करण्याचे 90 दिवस ती फसल्याचे निदान झाल्यापासून धरले जातात. दोन्ही आकडे जवळपास सारखे असल्याने, शस्त्रक्रियेला वर्ष उलटले म्हणजे मुदत संपली, असे समजून अनेकजण दावाच करीत नाहीत. दाव्यासोबत संमतीपत्र, नसबंदीचे प्रमाणपत्र आणि वीर्यतपासणी किंवा सोनोग्राफी यांसारखा फसल्याचा वैद्यकीय पुरावा जोडावा, प्रत्येक कागदाची एक प्रत घरी ठेवावी आणि अर्ज दिल्यावर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.